इरकलीचं छत

भागम्मा आत्यांनी पिंगळीहून येऊन ओसरीवर बूड टेकलं, तांब्या तोंडाला लावला आणि घोट-दोन घोटांतच खाली ठेवला. घरभर कसलातरी उग्र वास सुटला होता. लग्नघरात हे काय जाळायलाव, असं त्यांनी घरच्या सुनेला, महादेवीला विचारलं. महादेवी म्हणाली, जाळत न्हाईत, भावजी गोठ्यात जीपला फायबर लावायलेत. फायबर म्हणजे काय ते आत्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. असला वास सोडणारी वस्तू भाचीच्या, शिवकांताच्या लग्नात नको, एवढं मत त्यांनी बसल्या जागी बनवलं, आणि आत्यांचं मत एकदा बनलं की ते मोडणारा माणूस अख्ख्या ताडकळसात नव्हता. घरधनी चंद्रप्पांची ही थोरली बहीण. चंद्रप्पांची बायको गेल्यापासून या घरात मीठ आणायचं झालं तरी पिंगळीला निरोप जातो, असं गाव म्हणायचं. गाव जरा जास्तच म्हणायचं, पण फार जास्त नाही.

जीपचं दुखणं मात्र जुनं होतं. धाकट्या भीमाशंकरनं ती लिलावातून आणली त्या दिवसापासून ती चंद्रप्पांच्या डोळ्यांत खुपत होती. थोरला पंडित भुसार दुकानात निमूट बसायचा, आणि हा पठ्ठ्या पूर्णेच्या स्टेशनावरून पाहुणे आणायचा, वराती काढायचा, नामांतराच्या बंदात एस.टी. थांबली की कुणाच्या आजारी आईला परभणीला पोचवून यायचा. गावाला त्याचं कौतुक. बापाला एकच घोर, ड्रायव्हरला पोरगी कोण देतं? पाडव्याला चंद्रप्पांनी शेवटचं सांगून टाकलं होतं: शिवकांताची पाठवणी त्या जीपमधून होऊ दे, मग जीप विकायची आणि भीमानं दुकानात बसायचं. भीमाशंकर बापासमोर कधी तोंड उघडत नसे. त्यानं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन फायबरचं सामान घेऊन आला.

कारण त्याच्या जीपचं सगळं चांगलं होतं, आवाज तेवढा वाईट होता. टपावर एक भोंगा, आत दाराच्या पत्र्याला ठोकलेले दोन स्पीकर. गाणं लागलं की गाण्याआधी पत्राच थरथरायचा. लोक पूर्णेपर्यंत त्याच्या जीपनं जायचे आणि वरातीला मात्र परभणीहून दुसरी गाडी बोलवायचे. नांदेडला बसच्या सीटा बनवणाऱ्या एका शेडात त्यानं काही महिने काम केलं होतं, तिथं फायबर शिकला होता. दोन्ही दारं आणि आख्खं छत फायबरचं करायचं, त्यात स्पीकर बसवायचे, आणि बहिणीच्या लग्नात भरल्या मांडवासमोर जीप अशी वाजवायची की वरातीचं बुकिंग तिथंच उभ्या उभ्या मिळावं. मग आप्पा विकणार नाहीत. एवढी त्याची आशा होती, आणि ती त्यानं फक्त वहिनीला सांगितली होती.

वहिनी म्हणजे महादेवी, पंडितची बायको. सासूच्या मागं घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आलेल्या. तिला त्या कामाची गंमत वाटायची. आधी तो स्पीकरसाठी प्लायवुडच्या रिंगा कापून काड्यांवर उभ्या करायचा, त्यावर कापड ताणून ठोकायचा, आणि त्या कापडाला ब्रशनं रेझिनचा चिकट रस पाजायचा. कापड वाळून कडक झालं की त्याच्या पाठीला फायबरची मॅट चिकटवायची, शेवयांची चटई असावी तशी पांढरी मॅट, आणि वरून परत रेझिन. वैशाखाच्या उन्हात मगातला माल ब्रशसकट दगड व्हायचा, म्हणून तो थोडा थोडाच कालवायचा. अंगाला इतकी खाज सुटायची की जेवताना एका हातानं घास आणि एका हातानं खाजवणं चालायचं. दारं झाली. दारांना पंडितची जुनी धोतरं पुरली. छताला मात्र एकसंध मोठं कापड हवं होतं, जोड चालणार नव्हता. त्यानं वहिनीकडं मागितलं, आणि महादेवीनं माळ्यावरच्या ट्रंकेतून एक बोचकं काढून दिलं. वरचा फडका ठिगळांचा, जागोजाग कुरतडलेला. असल्या फडक्यात आणखी काय असणार? गोधडीसाठी ठेवलेलं जुनेर असेल म्हणून तिनं सोडूनसुद्धा बघितलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी महादेवीला कुणी सांगितली नव्हती. चंद्रप्पांची आई गौरम्मा मोठी हिकमती बाई. घरात चार जावा, आणि ट्रंका सगळ्यांच्या सामाईक. म्हणून तिनं रीत पाडली होती: चांगली वस्तू फाटक्यात बांधायची आणि फाटकी वस्तू चांगल्यात. जाव नक्षीदार रुमाल बघून हात घालायची आणि तिच्या हाती जुनेर लागायचं. जावा गेल्या, गौरम्मा गेली, बोचकी तशीच राहिली. ठिगळांच्या फडक्यात तिचं स्वतःचं इरकली लुगडं होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं. या घरची लेक सासरी निघाली की दमणीच्या, म्हणजे छोट्या बैलगाडीच्या, टपावर ते लुगडं ताणून बांधायचं आणि लेकीनं त्याखाली बसून वेस ओलांडायची. लेकीला पोचवून दमणी परत आली की लुगडंही परत यायचं. भागम्मा त्याखालून गेली, तिच्या पाठच्या बहिणी गेल्या, चुलत बहिणी गेल्या. त्यानंतर या घरात लेकीचं लग्नच निघालं नव्हतं. सुनांना त्याची ओळख असायचं कारण नव्हतं, आणि भीमाशंकरनं ते कधी बघितलंच नव्हतं.

आत्यांनी हातपाय धुतले आणि पहिलं काम काढलं ते हेच. आता बैल नाहीत, दमणी नाही, तर जीपला बांधू, पण लुगडं बांधल्याशिवाय माझी भाची या घरातून हलणार न्हाई. ठिगळांचं बोचकं आण, ऊन दाखवू.

महादेवी माळ्यावर चढली. ट्रंकेत एकच बोचकं उरलं होतं, रेशमी रुमालातलं. तिनं गाठ सोडली. आत आजेसासूची विरलेली लुगडी. मग तिला सगळं उमगलं आणि ती शिडीवरून कशी उतरली, गोठ्यात कशी पोचली, ते तिचं तिलाही नंतर आठवेना.

भीमाशंकर छताच्या साच्याजवळ घाम पुसत उभा होता. मॅट लावून झाली होती. त्यानं छत उलटं करून भिंतीला टेकवलं होतं आणि आता आतल्या बाजूला लांबी, म्हणजे खळगे बुजवणारी पुट्टी, भरायला घेणार होता. लांबी, मग पॉलिश पेपर, मग पिवळा रंग, असा त्याचा बेत. छताच्या हिरव्यागार अंगावर लाल काठ नुकता धुतल्यासारखा चकाकत होता.

"भावजी, लांबी लावू नका," महादेवी म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग काठाला बोट लावून बघितलं, नखानं जरा खरवडून बघितलं. लुगडं सुटायचा प्रश्नच नव्हता. "वयनी, आता हे लुगडं ऱ्हायलं न्हाई," तो हळूच म्हणाला. "आता हे छत झालं."

महादेवीला रडूही येईना. तिला दिसत होतं ते पुढचं सगळं आयुष्य: प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीला कुणीतरी म्हणणार, हीच ती सून, आजेसासूचं लुगडं जिनं डिंकात बुडवलं. भीमाशंकर तिच्याकडं बघत राहिला आणि त्याला हसू फुटलं. तिनं आधी डोळे वटारले. मग तीही हसली. दोघं गोठ्यात तोंडावर हात ठेवून हसत बसले असताना पंडित दारात येऊन उभा राहिला. त्यालाही सगळं सांगणं भाग पडलं.

पंडितचं या प्रकरणात आजवर बापाच्या बाजूनं मत होतं. दुकानात आपण एकट्यानंच का झिजायचं, हा त्याचा सवाल. पण भीमा मागं एकदा आठवडाभर दुकानात बसला होता, तेव्हा त्यानं गल्ल्याशेजारी टेप ठेवला, गिऱ्हाईक गाणी ऐकायला बसू लागलं आणि तुरीच्या पोत्यावर हरभऱ्याचं पोतं रिकामं झालं. ते निस्तरण्यात पंडितचा आठवडा गेला होता. आणि आता बायकोचं नाव मधे आलं होतं. त्यानं छताकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि एका क्षणात बापाचा पक्ष सोडला.

"लग्न होऊ द्या," तो म्हणाला. "तवर आत्याला कळू द्यायचं न्हाई. मी बघतो काय करायचं ते."

पंडितनं बघितलं ते असं: शेजारच्या सुमनबाईंकडं हिरवं इरकली लुगडं होतं. काठ थोडा वेगळा, पण आत्यांची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. पाठवणीच्या घाईत तेच बांधून द्यायचं. तोवर आत्यांना काहीतरी सांगायचं. काय सांगायचं ते ठरवायला मात्र सगळे विसरले. महादेवीनं सांगितलं, लुगडं परभणीला धोब्याकडं दिलंय. पंडितनं सांगितलं, काठ उसवला होता, पूर्णेला रफूला टाकलंय. आणि शिवकांताला, म्हणजे नवरीलाच, आत्यांनी हळद लावता लावता विचारलं तेव्हा तिनं डोळे मिटून सांगितलं की शेजारी कुणाला तरी दाखवायला नेलंय. आत्यांनी तिन्ही उत्तरं ऐकून घेतली. उलट हळद अधिक मायेनं लावली, आणि यानंच महादेवी धास्तावली.

इकडं भीमाशंकरनं छताला आतून नुसतं पारदर्शक रेझिनच दिलं. रंग नाही, लांबी नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ते झाकावं असं त्याला वाटेना, एवढंच. रेडिओ दुरुस्त करणारा आश्रुबा स्पीकर बसवायला आला, त्यानं छत बघून मान डोलवली आणि हे कापड कुठून आणलंस म्हणून विचारलं. भीमाशंकरनं त्याला चहा पाजला आणि छताखाली पांढरी चादर ताणून दिली. सजावट हाय, म्हणाला.

लग्नाच्या दिवशी वसमतचं वऱ्हाड सकाळीच आलं. मांडवात गव्हाच्या खिरीची पातेली उतरत होती, लग्न लावायला आलेले स्वामी पाटावर बसले होते, चंद्रप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून पाहुण्यांचं स्वागत करत होते आणि मनातून खूश होते. लेक चांगल्या घरी चालली होती. आज आणखी एक काम मार्गी लागणार होतं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पेडगावचे बन्सीधर, मोठे बागायतदार, चंद्रप्पांचे जुने गिऱ्हाईक, लग्नाला येणार होते आणि त्याच पायी जीप बघणार होते.

बन्सीधर आले, जेवले, पान खाल्लं आणि जीपपाशी गेले. भीमाशंकरला वाटलं, पाहुणे कौतुकानं बघायला आलेत. त्यानं आश्रुबाला इशारा केला. आश्रुबानं कॅसेट घातली. आधी शंकराचं एक भजन लागलं, मग सनई, आणि मांडवातली माणसं हातातली कामं टाकून जीपभोवती जमली. आवाज मोठा होता यात नवल नव्हतं. मोठा आवाज भोंग्याचाही असतो. नवल हे होतं की तो साफ होता. ढोलकीचा ठेका दारातून येत होता आणि सनई वरून, छतातून उतरत होती. म्हाताऱ्या बायकांनी कानावरचे पदर बाजूला केले. वसमतकडचे तरुण नाचायलाच लागले, मग ताडकळसचे लागले, मग दोघं मिळून लागले.

बन्सीधरांनी दारावर तळहात ठेवला. "पत्रा वाजतच न्हाई," ते म्हणाले. "निस्तं गाणं वाजायलंय."

"माझ्या पोरानं केलंय," चंद्रप्पा म्हणाले. "हातानं. घरात."

हे बोलताना त्यांचा ऊर भरून आला होता, अगदी खरं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या जीपचा अभिमान वाटला. भीमाशंकरनं ते ऐकलं आणि त्याला वाटलं, जमलं. आप्पांना पटलं. पण व्यापाऱ्याच्या जिभेला वळण पडलेलं असतं. माल कुणाला आवडला की ती जीभ पुढचं वाक्य आपोआप बोलते. बन्सीधरांनी, मग आमाला द्या की ही गाडी, म्हटलं, आणि चंद्रप्पा, घेऊन जा, तुमच्यापेक्षा चांगला मालक कोण, असं म्हणून मोकळे झाले. हातावर हात पडला. पाठवणी झाली की उद्याच गाडी पेडगावला. आसपासच्या माणसांनी सौद्याला साक्षी म्हणून माना डोलवल्या, आणि कुणी म्हणालं, आता भीमा दुकानात बसंल, बरं झालं.

भीमाशंकरनं गाडी इतकी चांगली केली होती की ती उभ्या उभ्या विकली गेली होती. तो आंब्याच्या डहाळ्या घेऊन बॉनेट सजवायला लागला, वाजणाऱ्या गाण्यात, नाचणाऱ्या माणसांत, आणि त्याचे हात नेमाने काम करत होते, पण एकच डहाळी तो परत परत बांधत होता. हे महादेवीनं स्वयंपाकाच्या चुलाणापासून बघितलं.

अक्षता पडल्या. शिवकांता रडायला लागली, मग तिच्या मैत्रिणी रडायला लागल्या, मग ज्यांचा काही संबंध नाही अशा बायकाही रडायला लागल्या. पाठवणीची घाई झाली. भागम्मा आत्या जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, लुगडं कुठाय?

पंडित तयारच होता. सुमनबाईंचं लुगडं त्यानं घडी घालून दोन्ही हातांवर घेतलं होतं, देवाचं वस्त्र असावं तसं. आत्यांनी हात पुढं केला. त्यांनी डोळे बारीक करून काठ बघितला, जरा थांबल्या. पण मागं बायका खोळंबल्या होत्या, वसमतकर घाई करत होते. एवढं लुगडं आत्यांनी हातात घेतलं असतं तर महादेवी सुटली होती. तिला ते पक्कं कळत होतं. आणि उद्या छतासकट ते खरं लुगडं पेडगावला गेलं असतं, कुणाला कधी कळलंही नसतं, आणि भावजी दुकानात तुरीच्या पोत्यावर बसले असते. माहेरी तिला कुणी लहान भाऊ नव्हता. या घरात आल्यावर तो मिळाला होता.

"आत्याबाई, ते घेऊ नका," ती म्हणाली. "ते सुमनबाईंचं हाय."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. पंडितनं डोळे मिटून घेतले. महादेवीनं मग काही बाकी ठेवलं नाही. धोबी खोटा, रफू खोटा. बोचकं मी दिलं, न बघता दिलं, भावजींचा दोष न्हाई. लुगडं हितंच हाय. असं म्हणून तिनं जीपमध्ये पाय ठेवला आणि छताखालची पांढरी चादर एका ओढीत खाली काढली.

उन्हाची तिरीप आत येत होती. छत हिरवंगार झळाळलं आणि लाल काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला दिसला. बायका पुढं सरकल्या. कुणी म्हणालं, अगं बाई, गौरम्माचं लुगडं. कुणी कपाळावर हात मारला. चंद्रप्पा मांडवाच्या दारातून, काय झालं, काय झालं, करत आले आणि छताकडं बघत उभे राहिले.

आत्यांनी महादेवीकडं इतकं रोखून बघितलं की तिनं पदर तोंडाशी धरला. मग आत्या म्हणाल्या, मला वर चढवा. भीमाशंकरनं त्यांना हाताला धरून जीपमध्ये चढवलं. त्या मागच्या सीटवर बसल्या, मान वर केली आणि छतावर तळहात फिरवला. लुगडं गार आणि गुळगुळीत लागत होतं. त्यांनी बोटांनी काठ चाचपला. एका जागी काठाला बारीक टाका होता, त्यांच्या आईनं घातलेला, तो त्यांना सापडला. सापडल्यावर त्यांचा चेहराच बदलला, इतका की बाहेर उभ्या असलेल्या बायकांना त्या क्षणभर नवरीच वाटल्या.

"मला पाठवलं तवा मी पिंगळी येईपर्यंत वरच बघत होते," त्या म्हणाल्या. "खाली बघितलं की रडू यायचं. एवढंसं छिद्र हुतं काठापाशी. मायनं आदल्या दिवशी शिवलं हुतं. ह्यो बघा टाका."

आश्रुबा बिचारा गोंधळून टेप बंद करायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. वाजू दे, म्हणाल्या. आणि सनई आईच्या लुगड्यातून निघायला लागली तशा त्या सीटवर बसून खळखळून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. माझ्या लग्नात वाजंत्री म्हणून एक फुटका ताशा हुता, त्या म्हणाल्या, आता माय स्वतः गायलीय. मग त्यांनी महादेवीला जवळ ओढून सीटवर बसवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिघांनी तीन ठिकाणं सांगितली तवाच मला कळलं हुतं काहीतरी झालंय, असंही त्यांनी सांगून टाकलं, आणि खोटं बोलायचं तर आधी एका जागी बसून ठरवत जा, असा सल्ला दिला.

महादेवी आता रडली. सकाळपासूनचं, आदल्या दिवसापासूनचं सगळं रडली, आणि तिला फार बरं वाटलं.

गर्दीत मागं उभ्या असलेल्या कुणीतरी सहज म्हटलं की गाडी तर उद्या पेडगावला चालली. आत्यांचं हसणं थांबलं. त्यांनी छतावरचा हात काढला नाही. त्यांनी भावाला हाक मारली, आणि चंद्रप्पा, गावचे प्रतिष्ठित व्यापारी, जावयाच्या माणसांदेखत जीपच्या दाराशी पोरासारखे जाऊन उभे राहिले.

"चंद्रू, मायचं लुगडं विकलास व्हय रे?"

"आक्का, मला काय म्हाईत?" चंद्रप्पा म्हणाले. "मी गाडी विकली."

छत खोलून ठेवता येतं का, असं त्यांनी भीमाशंकरकडं बघून विचारलं. भीमाशंकर म्हणाला, येतं, पण मग स्पीकर, तारा, दारं, सगळंच काढावं लागंल आणि मागं नुसता सांगाडा उरंल. हे तो खरं बोलत होता की अर्धं, ते फक्त आश्रुबाला ठाऊक, आणि आश्रुबा त्या वेळी फार मन लावून कॅसेट पुसत होता.

चंद्रप्पांची गत मोठी अवघड झाली. एकीकडं दिलेला शब्द. शब्द फिरवला असं त्यांच्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसरीकडं आई. त्यांनी बन्सीधरांकडं बघितलं, मग छताकडं बघितलं. त्यांना स्वतःला काय हवंय ते त्यांना मघाशीच कळलं होतं, तो अभिमानानं ऊर भरला होता तेव्हाच, पण जिभेनं घात केला होता. आता तीच जीभ हलेना.

शेवटी आत्यांनीच तोडगा काढला. बन्सीधरांना त्या म्हणाल्या, दादा, शब्द झालाय तर गाडी न्या. फक्त एक हाय. आमच्या घरची लेक लग्नाची झाली की गाडी आणून दारात लावायची. पुढच्या साली माझी नात हाय, मग चुलत घरच्या पोरी हायत, पंडितच्या हायत, त्यांच्या पोरी व्हतील. गाडी चालवंल आमचा भीमा. आणि लुगड्याला पाय लागू द्यायचा न्हाई, ज्वारीचं पोतं आत टाकायचं न्हाई.

बन्सीधर मोकळा माणूस. ते पोट धरून हसले. ही गाडी घेतली तर मी मालक कशाचा, घरजावई झालो की, असं म्हणाले, आणि सगळा मांडव हसला. मग त्यांनी चंद्रप्पांचा हात हातात घेतला, मघाशी जसा घेतला होता तसाच, आणि सौदा सोडला. तुमच्या आईच्या लुगड्याचा मला मालक व्हायचं न्हाई, आप्पा, ते म्हणाले. गाडी हितंच शोभते.

शिवकांता चढली. नवरा चढला. आत्या उतरेनात, मी वसमतपर्यंत येणार, म्हणाल्या, म्हणून करवलीला पुढं बसवावं लागलं. शिवकांतानं डोळे पुसून मान वर केली आणि आत्यांनी तिला तो टाका दाखवला. भीमाशंकरनं गाडी सुरू केली, पण गर्दीत नाच परत सुरू झाला होता, त्यात पंडितही होता, सुमनबाईंचं लुगडं खांद्यावर टाकून. गाडीला वाट मिळायला वेळ लागणार होता.

बन्सीधर तेवढ्या वेळात चंद्रप्पांच्या शेजारी येऊन उभे राहिले. गाडी मिळाली नाही ते ठीक, पण पुढच्या महिन्यात आपल्या थोरल्या पोराची वरात आहे, तिला हीच जीप पाहिजे, असं ते म्हणाले. त्यांनी तारीख सांगितली आणि, जमवता का, म्हणून विचारलं. चंद्रप्पांनी सवयीनं तोंड उघडलं. मग त्यांनी स्टिअरिंगवर बसलेल्या धाकट्या पोराकडं बघितलं.

"त्याला विचारा," ते म्हणाले. "गाडी त्याची हाय."